मूतखडा, हाडे आणि चार इवल्या ग्रंथी

घरातील वडीलधाऱ्या बाईंची हाडे दुखू लागली की ‘वय झाले’ असे आपण म्हणतो. मूतखडा झाला की ‘पाणी कमी पिता’ म्हणून बोल लावतो. ही दोन्ही दुखणी क्वचित एकाच मुळातून आलेली असतात, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

ते मूळ गळ्यात असते. तेथील अवटू ग्रंथीच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील भारतीय गेंडा 1849 साली मेला. त्याच्या विच्छेदनात रिचर्ड ओवेन यांना अशी ग्रंथी प्रथम आढळली. माणसातील या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी 1880 साली केले.

रक्तातील कॅल्शियम घटू न देणे हे या ग्रंथींचे काम. त्यांचा स्राव हाडांतून कॅल्शियम काढतो आणि मूत्रपिंडांकरवी फॉस्फेट बाहेर टाकवतो. मूत्रपिंडांवर आणखीही एक भार असतो. शरीरात रोज निर्माण होणारे आम्ल, म्हणजेच हायड्रोजनचे आयन, बाहेर टाकायचे आणि ते शमविणारे बायकार्बोनेट जपायचे.

एखाद्या ग्रंथीत गाठ होऊन स्राव अनावर झाला, की रक्तात कॅल्शियम साचते, ते मूत्रात उतरते आणि खडे होऊ लागतात. त्याच वेळी मूत्रपिंडाच्या नलिका बायकार्बोनेट निसटू देतात. त्याची जागा क्लोराइड घेते आणि कित्येक रुग्णांचे रक्त किंचित आम्लतेकडे झुकते. म्हणूनच 1974 साली अमेरिकन संशोधकांनी रक्तातील क्लोराइड व फॉस्फेट यांचे गुणोत्तर 33 हून अधिक असणे ही या विकाराची खूण मानली. आज त्या स्रावाचेच मोजमाप रक्तात करता येते.

हे चक्र उलटही फिरते. मूत्रपिंडे दुबळी झाली की आम्ल व फॉस्फेट साचतात, ड जीवनसत्त्व कार्यक्षम होत नाही आणि ग्रंथी अधिकच स्रवू लागतात. आम्लता स्वतःही त्यांना चेतविते, असे 2002 साली कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले. या साऱ्यात आम्ल शमविण्यासाठी हाडांना आपल्या साठ्यातील क्षार द्यावे लागतात. देणे मूत्रपिंडांचे, आणि फेडावे लागते हाडांना!

मात्र हे वाचून कोणी घरच्या घरी खाण्याचा सोडा घेऊ लागू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांना तो औषध म्हणून देतात खरा, परंतु मात्रा वैद्यांनीच ठरवावयाची. त्यातील सोडियम रक्तदाब व सूज वाढवू शकते.

आमचे सांगणे एवढेच, की मूतखडा पुन्हा पुन्हा होत असेल, हाडे ठिसूळ झाली असतील, तर रक्तातील कॅल्शियम तपासावे काय, असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. तपासणी साधी आहे. दोष गाठीचा ठरला, तर ती शस्त्रक्रियेने काढता येते आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. ‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी घरातल्या माणसासाठी एवढे तरी आपण करावे.