विरल मृदांची कार्बोनेटे : गुणधर्म व औद्योगिक उपयोग

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव या गावाभोवतीचा काळा पाषाण दख्खनच्या प्राचीन लाव्ह्यापासून बनलेला आहे. त्यात सिरियम, लँथॅनम, नियोडिमियम यांचा अंश असतो. परंतु तो इतका अल्प आहे की, त्या पाषाणास या मूलद्रव्यांचे धातुक म्हणता येत नाही. 'विरल मृदा' या नावाचा खरा अर्थ येथे उमगतो. या गटातील 17 मूलद्रव्यांपैकी बहुतेक भूकवचात दुर्मिळ नाहीत. सिरियमाचे प्रमाण तर तांब्याच्या जवळपास आहे. मात्र ती विखुरलेली व परस्परांशी अत्यंत समगुणी असल्याने त्यांना एकत्र आणणे आणि मग वेगळे करणे हेच खरे कठीण कार्य होय. या कार्यात त्यांच्या कार्बोनेटांचे स्थान महत्त्वाचे आहे.

भारतात या मूलद्रव्यांचा मुख्य स्रोत म्हणजे केरळ, तमिळनाडू व ओडिशा येथील समुद्रवाळूतील मोनाझाइट हे फॉस्फेट खनिज. 1950 मध्ये 'इंडियन रेअर अर्थ्स' ही संस्था स्थापन झाली व 1952 मध्ये तिचा आलुवा येथील कारखाना सुरू झाला. मोनाझाइटावर तप्त दाहक सोड्याची क्रिया केल्यास फॉस्फेट विद्रावात जाते व हायड्रॉक्साइडे मागे राहतात. त्यांतील विरल मृदा हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळवून घेतल्या असता किरणोत्सर्गी थोरियम बहुतांशी अलग राहते. या क्लोराइड-विद्रावात सोडियम कार्बोनेट घातले की, कार्बोनेटांचा साका तळाशी बसतो.

ही कार्बोनेटे पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असतात. म्हणून ती गाळून, धुऊन, वाळवून साठविता येतात. उलट, सौम्य अम्लात ती फसफसून विरघळतात व त्यांपासून इच्छित लवण मिळते. उष्णतेने कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन ऑक्साइड उरते. निर्जल लँथॅनम कार्बोनेटाच्या 100 भागांपासून सुमारे 71 भाग ऑक्साइड मिळते. सिरियम कार्बोनेट हवेत भाजले असता मात्र सिरियमाचे ऑक्सिडीभवन होऊन फिकट पिवळे डाय-ऑक्साइड तयार होते.

या डाय-ऑक्साइडाच्या बारीक भुकटीने भिंगे व आरसे घासून चकचकीत करतात; ती काचेच्या पृष्ठाशी रासायनिक क्रियाही करते, हे तिचे वैशिष्ट्य. मोटारींच्या धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणाऱ्या उत्प्रेरकांतही ते वापरतात. लँथॅनम संयुगे खनिज तेलाच्या भंजनातील उत्प्रेरकांत लागतात. शुद्ध लँथॅनम कार्बोनेट मूत्रपिंडाच्या रुग्णांना औषध म्हणून दिले जाते. अन्नातील फॉस्फेटाशी ते बद्ध होते, त्यामुळे रक्तातील फॉस्फेट वाढत नाही.

तथापि मिश्र कार्बोनेट ही मधली पायरी होय. त्यातील घटक वेगळे करून शुद्ध करण्याचे कौशल्य ज्या देशापाशी असते, त्याच्याच पदरी त्या मालाचे खरे मूल्य पडते. नरसी नामदेव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथनजीक गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतील अशा वेधशाळांच्या लेसरांत नियोडिमियमयुक्त स्फटिक वापरले जातात. जे मूलद्रव्य तेथील पाषाणातून काढणे परवडत नाही, ते शुद्ध रूपात तेथे कामी येऊ शकते. या दोन अवस्थांमधील अंतर रसायनशास्त्रच तोडते.