मानसशास्त्राचा प्रवेश : विषयनिवडीला हवी मार्गदर्शनाची जोड

नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडी परिसरात घरी मावची बोलणाऱ्या अनेक कुटुंबांतून महाविद्यालयात जाणारी ही पहिलीच पिढी होय. प्रवेश-अर्ज भरताना त्यांना जाणत्या माणसाचा आधार हवा असतो.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यानुसार मुख्य, गौण आणि खुले वैकल्पिक असे विषय निवडावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. अध्यापनाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकास मात्र ३० तास द्यावे लागतात.

मानसशास्त्र केवळ वैकल्पिक म्हणून घेतल्यास ती त्या विषयाची पदवी ठरत नाही. पुढे त्याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे असल्यास, प्रवेशाच्या अटी आधीच पाहून मुख्य विषय ठरवावा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यास केवळ पदवी पुरत नाही. पुढील विहित शिक्षण व भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणीही आवश्यक असते. ही बाब प्रवेशापूर्वीच समजावून सांगणे हिताचे ठरते.

बारावीच्या निकालानंतर शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावातच विद्यार्थी-पालकांची बैठक घ्यावी आणि अर्जातील प्रत्येक रकाना त्यांच्या बोलीत समजावून द्यावा. एका तासाच्या या मार्गदर्शनाने एखाद्या मुलीची तीन वर्षे सत्कारणी लागतील.