रेंज गेली तरी रस्ता सापडतो
सोलापूरहून दुचाकीवर पंढरपूर, अक्कलकोट किंवा नळदुर्गला निघताना रेंज गेली की जीपीएसही बंद पडतं, हा समज सर्रास आढळतो. तसं नाही. मोबाइल किमान ४ उपग्रहांचे संदेश टिपून आपली जागा स्वतःच काढतो. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. म्हणून घरीच या भागाचा नकाशा डाउनलोड करावा, वाटेतली हवी ती गावं थांबे म्हणून टाकावीत. नाहीतर अ‍ॅप वेळ वाचवायला भलत्याच रस्त्याला लावतं. विचारत विचारत जाता येतंच की, असं कोणी म्हणेल. खरंच आहे, आषाढी वारीत वळवलेली वाहतूक चौकातल्या पोलिसालाच आधी ठाऊक असते. पण रात्री आडरस्त्याला विचारणार कोणाला? उन्हाळ्यात मात्र, पारा ४० अंशांपुढे गेल्यावर, हँडलवरचा मोबाइल तापून बंद पडू शकतो; तेव्हा तो खिशात ठेवून फाट्याआधी सावलीत थांबून पाहावा.