पाव, अर्धा, पाऊण : रोजची उजळणी



बेरीज-वजाबाकीपर्यंत गणित सगळ्यांनाच गोड लागतं. पुढे अपूर्णांक आले की पुष्कळांची तोंडं कडू होतात. पण हे अपूर्णांक काही परके नाहीत. पाव किलो साखर, दीड तास, अडीच एकर, सव्वा रुपया हे शब्द शाळेत येण्याआधीच आपल्या कानावर पडलेले असतात. फक्त पाटीवर ते १/४, ३/२ असे दिसतात आणि आपण बिचकतो.

माझ्या आजोबांना अजून पाऊणकी पाठ आहे. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पूर्वी मुलांना पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी पाठ करावी लागे. साडेतीनची औटकीसुद्धा होती. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. सोळाचे निम्मे आठ, आठाचे निम्मे चार. व्यवहारच पाव-अर्ध्याचा होता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि दशांश चिन्ह आलं. पाव म्हणजे ०.२५ आणि पाऊण म्हणजे ०.७५ झालं. लिहिण्याची रीत बदलली, पाव मात्र पावच राहिला.

आता मुख्य गोष्ट सांगते. अपूर्णांक दिसला की आधी विचारायचं, “कशाचा?” अर्धी भाकरी म्हटलं, तर भाकरी केवढी? पाव एकर म्हणजे दहा गुंठे, कारण एकराचे चाळीस गुंठे. पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम, कारण किलोचे हजार ग्रॅम. पाव तोच, पण पूर्ण वस्तू बदलली की उत्तर बदलतं. छेद सांगतो पूर्णाचे किती सारखे भाग केले. अंश सांगतो त्यातले किती घेतले. एका भाकरीचे तीन वाटे केले तर प्रत्येक वाटा मोठा, चार केले तर लहान. म्हणून चार हा अंक मोठा असला तरी १/४ हा १/३ पेक्षा लहान असतो.

बेरीज घ्या. १/२ अधिक १/३ किती? वरचे वर नि खालचे खाली मिळवले तर २/५ येतात. पण थांबा! २/५ तर अर्ध्यापेक्षा कमी. अर्ध्यात भर घातली आणि ते कमी कसं होईल? म्हणजे ही रीत चूक. आता कागदाची १२ सेंटीमीटरची पट्टी घ्या. अर्धी म्हणजे ६, तिसरा हिस्सा म्हणजे ४. दोन्ही मिळून १२ पैकी १०, म्हणजे ५/६. छेद सारखे करायचे ते एवढ्यासाठीच. तुकडे सारखे असले तरच मोजता येतात.

भागाकारात आणखी एक गंमत आहे. तीन लिटर तेल पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरायचं आहे. किती बाटल्या? तीन लिटरचे बारा पाव झाले. एका बाटलीत तीन पाव मावतात. म्हणून बाटल्या चार. तीनला भागलं आणि उत्तर चार आलं! भागाकाराने संख्या दर वेळी लहान होते असं नाही. “उलटा करून गुणा” हा नियम याच हिशोबाचा जवळचा रस्ता आहे. आधी बाटल्या डोळ्यांपुढे आणा, मग नियम वापरा.

हे सगळं परीक्षेपुरतं नाही. माझी आई कापूस वेचायला जाते. समजा, किलोला आठ रुपये भाव आहे आणि कापूस भरला साडेबावीस किलो. बावीस आठे एकशे शहात्तर, वर अर्ध्या किलोचे चार, मिळून १८० रुपये. कुणी वरचं अर्ध सोडून दिलं तर चार रुपये गेले. तीस दिवस असं झालं तर एकशेवीस रुपये गेले. हिशोब येणाऱ्या माणसाला भांडावं लागत नाही, नुसतं बोलून दाखवलं तरी पुरतं.

आमच्या गटाने रोज दहा मिनिटांचा नेम ठेवला आहे. तीन मिनिटं पाढे, कारण पाढे अडले की समच्छेद अडतात. तीन मिनिटं तोंडी हिशोब. चार मिनिटांत चिठ्ठीवरचं एक उदाहरण. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार या सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात असतात. हाताला कुठली येईल ते माहीत नसतं, त्यामुळे काय करायचं ते स्वतः ठरवावं लागतं. न सुटलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात जाते. उदाहरण करण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते बोलायचं, एकापेक्षा जास्त की कमी, एवढं तरी.

पालकांनो, लिहिता-वाचता येत नसलं तरी तुम्ही आम्हाला शिकवू शकता. भाजी घेताना विचारा, “दीडपाव म्हणजे किती ग्रॅम?” शेतात विचारा, “पाऊण एकराचे निम्मे किती गुंठे?” आम्ही ३७५ ग्रॅम आणि १५ गुंठे म्हणालो की पाठ थोपटा.

आता ही सोडवून पहा :

१) सव्वा एकराचे गुंठे किती?
२) २/३ मोठा की ३/४? कितीने?
३) दीड लिटर दुधाचे पाव लिटरचे पेले किती भरतील?
४) किलोला आठ रुपयांप्रमाणे साडेसतरा किलोचे किती?

उत्तरे क्रम बदलून दिली आहेत : ६, १/१२, १४०, ५०. कुठलं कशाचं, ते तुम्ही लावा. अडलं तर मधल्या सुट्टीत या भिंतीपाशी या, आमच्यापैकी कोणी ना कोणी इथे असतंच.