दुसऱ्या क्रमांकाचा न्याय

महाराष्ट्र राज्य एक असले, तरी रणजी करंडकाच्या मैदानावर त्याची घरे तीन आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. करूळ घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या वैभववाडीचा क्रिकेटपटू ‘महाराष्ट्रा’चा; आणि त्याच गावातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या चाकरमान्याचा तेथेच वाढलेला मुलगा ‘मुंबई’चा. एकाच घरातील चुलतभाऊ परस्परविरुद्ध संघांत उभे राहावेत, अशी ही व्यवस्था आहे. म्हणूनच या स्पर्धेच्या बाद फेरीत कोणास प्रवेश द्यावा, हा प्रश्न कोकणातील माणसाच्या दृष्टीने केवळ कोष्टकाचा नाही.

1934-35 साली सुरू झालेल्या या स्पर्धेत विभागांतर्गत सामने प्रथम बाद पद्धतीने होत. 1957-58 पासून ते साखळी पद्धतीने होऊ लागले. परंतु पुढे जाण्याचा अधिकार प्रत्येक विभागातील विजेत्या एकट्या संघाचाच राहिला. त्यानंतरच्या वर्षापासून मुंबईने करंडक सलग पंधरा वेळा जिंकला. मुंबईच्या पराक्रमाबद्दल आम्हांस यत्किंचितही असूया नाही. तथापि या काळात पश्चिम विभागातील इतर संघांची दशा वटवृक्षाखालील रोपट्यासारखी झाली, हे कबूल केलेच पाहिजे. मुंबईच्या शेजारी असणे, एवढाच काय तो त्यांचा अपराध !

1970-71 च्या हंगामात नियम बदलला. प्रत्येक विभागातील पहिल्या दोन संघांस बाद फेरीत स्थान मिळाले. पाचांचे दहा झाले. दुसऱ्या क्रमांकाचे संघ घेतल्याने स्पर्धेचा दर्जा उतरेल, असे कोणास वाटले असेल, तर त्याला मैदानाने त्याच हंगामात उत्तर दिले. अंतिम सामन्यात समोरासमोर उभे राहिले मुंबई आणि महाराष्ट्र ! जुन्या नियमानुसार हा सामना होणेच अशक्य होते. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर हे मुंबईचे मोहरे त्या वेळी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या संघाने महाराष्ट्रावर 48 धावांनी विजय मिळविला. करंडक मुंबईकडेच राहिला, हे खरे. पण शेजाऱ्याची योग्यता सिद्ध झाली, आणि मुंबईच्या विजयाचे मोलही त्यामुळे वाढलेच.

या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये 2024 च्या हंगामापासून अंतिम टप्प्यात चारांऐवजी बारा संघ घेण्यात येऊ लागले. ज्या ओहायो स्टेट संघास आपल्या गटाचेही विजेतेपद मिळाले नव्हते, त्यानेच गटविजेत्या ओरेगॉनला पुढे नमवून राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. मग हंगामभर राबून मिळविलेल्या पहिल्या क्रमांकाची किंमत ती काय, असे तेथील रसिक विचारू लागले, तर त्यात नवल नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. दुसऱ्यास संधी मिळालीच पाहिजे. मात्र पहिल्याचे श्रेय मातीमोल होता कामा नये. शिवाय, नियम हंगामापूर्वी ठरावेत आणि ते चार वर्षे तरी टिकावेत. 2002-03 साली विभागच रद्द झाले, तेव्हा मुंबई आणि महाराष्ट्र यांची दर वर्षी ठरलेली गाठही गेली. आता ती गटवाटणीच्या मर्जीवर अवलंबून असते. 2024-25 पासून तर हंगामाचेच दोन तुकडे झाले. सोयीपुढे परंपरा नमते. तिचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. वरचा दरवाजा कितीही रुंद केला, तरी खालची शिडी मोडकी असेल, तर त्याचा उपयोग काय? मालवणात जन्मलेल्या रमाकांत आचरेकरांनी आपली शाळा उभारली ती मुंबईच्या शिवाजी पार्कवर. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या मळ्यांतून कोकणची मुले आजही खेळतात. त्यांतील एखाद्याचा चेंडू कोणा जाणत्याने पाहिलाच नाही, तर बाद फेरीत आठ संघ घेतले काय आणि पंधरा घेतले काय, त्याला दोन्ही सारखेच. दुसऱ्या क्रमांकास न्याय देणाऱ्यांनी, ज्यांना अद्याप क्रमांकच मिळालेला नाही, त्यांच्याकडेही एकवार पाहावे. वैभववाडीच्या मुलास गाव न सोडता संघात जाता येईल, तेव्हाच ही सुधारणा पुरी झाली, असे आम्ही म्हणू.