‘तो काही करत नाही’ या वाक्याचा विचार

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील सकाळच्या फेरफटक्याच्या वाटांवर आता एकाच वेळी अनेकांची ये-जा असते. मरीन ड्राइव्हचा साडेतीन किलोमीटरचा पदपथ, दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा आणि त्याला लागून फिरणारी वाट, पुण्यातील वेताळ टेकडी किंवा तळजई अशा ठिकाणी पहाटेपासून उन्हे वर येईपर्यंत गुडघ्याचे ऑपरेशन झालेले ज्येष्ठ नागरिक, शर्यतीचा सराव करणारे तरुण, बाबागाडीतील मुले आणि पाळीव कुत्री ही सारी मंडळी एकमेकांना ओलांडत असतात. या गर्दीत कुत्र्यांवरून जे खटके उडतात त्यांची सुरुवात क्वचितच चावण्याने होते; बहुतेक वेळा एक मोकळे कुत्रे अनोळखी माणसाच्या अंगाशी येते, तो माणूस दचकून मागे सरतो आणि वीस पावलांवरून मालकाचा आवाज येतो, ‘घाबरू नका, तो काही करत नाही.’ वाद पेटतो तो या वाक्यावर, आणि म्हणूनच त्याची नीट तपासणी करणे आवश्यक आहे.

मालक खोटे बोलत असतो असे नाही. त्याने त्या प्राण्याला पिल्लू असल्यापासून वाढवलेले असते आणि घरात, सोफ्यावर, नातवंडांच्या घोळक्यात त्या कुत्र्याने खरोखरच कधी काही केलेले नसते. परंतु समोरच्या माणसाची त्या कुत्र्याशी ओळख चार सेकंदांची असते आणि तेवढ्या वेळात त्याला दिसतात ते फक्त दात आणि वेग. शिवाय घरातील कुत्रे आणि वाटेवरचे कुत्रे यांच्या वागण्यात अंतर पडते, कारण बाहेर त्याला काठी, छत्री, माकडटोपी, अनोळखी वास आणि धावणारी पावले यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. पळणाऱ्या वस्तूमागे पळणे ही श्वानजातीची मूळ शिकारी प्रवृत्ती असून कारवान, पश्मी किंवा मुधोळ यांसारख्या दख्खनच्या शिकारी जातींत ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली आहे. तेव्हा धावणाऱ्या मुलाच्या मागे असे कुत्रे लागले, तर त्याचा स्वभाव बिघडला असे म्हणता येत नाही. ते मोकळे सोडले गेले, एवढेच म्हणता येते. आणि हेतूचा प्रश्न तरी येथे कितीसा महत्त्वाचा आहे? तीस किलोचा लॅब्रेडॉर प्रेमाने अंगावर आला काय आणि रागाने आला काय, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या खुब्याच्या हाडाला त्यातील फरक कळत नाही.

याउलट ‘अशा ठिकाणी कुत्री आणूच नयेत’ अशी भूमिका घेणाऱ्यांनाही कायद्याचा आधार मिळत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार, एरवी सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात मालकाने हयगय केली, तर ती क्रूरता ठरते. म्हणजे कुत्र्याला बाहेर काढणे हा मालकाचा शौक नसून त्याच्यावरील बंधन आहे. याच कायद्याखाली १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये पाळीव कुत्र्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. गृहनिर्माण संस्थांनी कुत्री पाळण्यावर सरसकट बंदी घालू नये असे त्यांत म्हटले आहे, आणि त्याच सूचनांत सार्वजनिक जागी कुत्रे पट्ट्याला बांधूनच न्यावे व त्याची विष्ठा मालकाने उचलावी असेही सांगितले आहे. मालक मंडळी यांतील पहिला भाग तोंडपाठ सांगतात. दुसरा भाग सहसा त्यांच्या वाचनातून निसटलेला असतो.

दंडाची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये आहे. १ जुलै २०२४ रोजी ही संहिता लागू होण्यापूर्वी हाच गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये होता. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना तो टाळण्याइतकी खबरदारी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने न घेणे, असे या गुन्ह्याचे स्वरूप असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यातील ‘संभवत असताना’ हे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत, कारण त्यांच्यामुळे प्रत्यक्ष चावा झालाच पाहिजे अशी अट उरत नाही. अर्थात, केवळ भुंकण्याने किंवा हुंगण्याने हा गुन्हा होतो असेही नाही.

खबरदारी म्हणजे व्यवहारात पट्टा, आणि पट्ट्यापट्ट्यांतही फरक असतो. गळ्यातील गळपट्टा किंवा छातीभोवतीचा हार्नेस आणि त्याला अडकवलेली दीड-दोन मीटरची नाडी ही साधी जोडणी गर्दीत सर्वांत उपयोगी पडते, कारण तेवढ्या लांबीत कुत्रे मालकाच्या गुडघ्याजवळ राहते. डबीत गुंडाळला जाणारा आणि बटण सोडताच पाच-आठ मीटर पुढे धावणारा पट्टा मोकळ्या मैदानासाठी ठीक आहे. गर्दीच्या पदपथावर मात्र कुत्रे एका कडेला, मालक दुसऱ्या कडेला आणि मधे घोट्याच्या उंचीवर ताणलेली, पहाटेच्या अंधुक उजेडात न दिसणारी बारीक दोरी, असा सापळाच तयार होतो. मोबाईलवर खिळलेली नजर हा याचाच दुसरा प्रकार म्हणावा लागेल. पट्टा हातात असतो, पण लक्ष दुसऱ्या टोकाला नसते. मोठ्या शहरांत आणखी एक पद्धत रूढ झाली आहे: मालक घरी झोपलेला असतो आणि महिन्याच्या बोलीवर ठेवलेला एखादा पोरगेला मुलगा तीन-चार बलदंड कुत्री एका मुठीत धरून त्यांच्या मागे ओढला जात असतो. त्या मुलाला दटावून काही साधत नाही. ती गोष्ट मालकाच्या कानावर घालावी लागते.

पट्ट्याचा आग्रह धरला की मालकांकडून हमखास येणारा प्रतिप्रश्न असा, की रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांना कोण पट्टा बांधतो? प्रश्न गैरलागू नाही, कारण आपल्या हद्दीत शिरलेल्या पाळीव कुत्र्यावर भटक्यांची टोळी तुटून पडते आणि अशा वेळी मालकाची खरोखर तारांबळ उडते. परंतु भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी करायचे असते, तर पाळीव कुत्र्यासाठी जबाबदार असा एक माणूस नाव-पत्त्यासह उपलब्ध असतो, आणि सारा फरक तेथेच आहे. हा फरक पुसला गेला की काय होते याचा अनुभव मुंबईने फार पूर्वी घेतला आहे. १८३२ च्या जून महिन्यात, बक्षिसाच्या लोभाने कुत्री मारणारे शिपाई पाळलेली कुत्रीही सोडेनात, तेव्हा श्वानाला पवित्र मानणारा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. महाभारतातील युधिष्ठिराचा श्वान स्वर्गाच्या वाटेवर पट्ट्याविना चालला, हे खरे. त्या वाटेवर दुसरे कोणी फिरायला येत नव्हते, हेही तितकेच खरे.

विष्ठेचा प्रश्न हा जगभरच्या शहरांचा जुना प्रश्न आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७८ च्या ऑगस्टपासून मालकाने ती उचलणे कायद्याने बंधनकारक झाले. पॅरिसने मात्र विष्ठा ओढून घेणाऱ्या खास मोटारसायकली १९८० च्या दशकात रस्त्यावर आणल्या आणि हा खर्चिक प्रयोग २००४ पर्यंत चालवून अखेर बंद केला. मालकाचे काम पालिकेने करायला घेतले की ते कधी संपत नाही, एवढे त्यावरून दिसले. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींतही पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्यास पाचशे रुपये दंड आहे. ‘झाडाखालीच तर केली, खत होईल’ हा युक्तिवाद शेणाच्या सवयीतून आलेला दिसतो, पण मांसाहारी प्राण्याची विष्ठा ही शेण नव्हे. तिच्यातील गोलकृमींची अंडी मातीत महिनोन्‌महिने तग धरतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे पोटात जातात; अंकुशकृमींच्या अळ्या तर चौपाटीच्या ओल्या वाळूतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात आणि तेथे नागमोडी, खाजरी रेघ उमटवतात. जुन्या वर्तमानपत्राचा अर्धा कागद आणि एक पिशवी एवढ्याने यातले बरेचसे टळते.

टेकड्यांवर आणखी एक बाजू लक्षात घ्यावी लागते. वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी मोर आहेत, लांडोर जमिनीवर अंडी घालते आणि तिचा विणीचा हंगाम पावसाळ्याच्या सुमारास येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराला सर्वोच्च संरक्षण दिलेले असताना झुडपांत मोकळे सोडलेले कुत्रे ‘खेळत होते’ असे म्हणून भागत नाही.

आता बेपर्वा मालकाशी वागावे कसे? अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढे धावू नये, किंचाळू नये, हात उंचावू नयेत; थांबून, हात शरीरालगत ठेवून, किंचित बाजूला वळून उभे राहावे आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, कारण टक लावून पाहणे हे कुत्र्याच्या भाषेत आव्हान असते. लहान मुलाला झटक्यात वर उचलण्याऐवजी आपल्या मागे घ्यावे, वर उचललेल्या वस्तूकडे कुत्रे उडी घेण्याचा संभव असतो. मालकाशी बोलायचे ते कुत्रे अंगाशी येण्यापूर्वी आणि स्पष्ट मागणीच्या स्वरूपात बोलावे. ‘कुत्रं आवरता येत नाही तर पाळता कशाला?’ या प्रश्नाला भांडणाखेरीज उत्तर नाही. ‘जरा पट्टा आखडून घ्या, मला भीती वाटते’ या वाक्याला बहुतेक माणसे मुकाट्याने मान देतात. फेरफटक्याच्या वाटेवर तीच तोंडे रोज भेटतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी वादात जिंकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पट्टा आखडलेला दिसणे अधिक मोलाचे असते. तरीही जो ऐकत नाही त्याच्याविषयी चार-पाच नियमित फिरणाऱ्यांनी मिळून महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, कारण एकट्याची तोंडी कुरकुर कोठेही नोंदली जात नाही.

चावा किंवा ओरखडा झालाच तर वादविवाद बाजूला ठेवून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही न लावता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कातडी फाटलेली असेल किंवा आधीच्या उघड्या जखमेवर कुत्र्याने नुसते चाटले असेल, तरी रेबीजच्या दृष्टीने तो तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, वर्गाचा संपर्क मानला जातो आणि लसीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचे औषधही टोचावे लागते. पोटातील चौदा इंजेक्शनांची जुनी धास्ती आता बाळगण्याचे कारण नाही. लस दंडात चार किंवा पाच वेळा दिली जाते. मालकाकडून त्याचे नाव, फोन क्रमांक आणि कुत्र्याच्या लसीकरणपत्राचे छायाचित्र जागीच घ्यावे, आणि कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवण्यास त्याला सांगावे. ते दहा दिवस धडधाकट राहिले तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे समजतात, मात्र तोवर लस थांबवायची नसते.

या साऱ्याचे कागद जपून ठेवावेत. मुंबईत एका रॉटवायलरने वृद्ध गृहस्थांना चावे घेतल्याच्या २०१० मधील प्रकरणात गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली, तेव्हा साल २०२३ होते.