दुकान मोबाइलवर, लेखांक ६ : कोल्हापुरी, पण कुणाची?

मोबाइलवर 'कोल्हापुरी चप्पल' असं शोधलं की पडद्यावर एकामागून एक चौकटी येतात, आणि चौथ्या-पाचव्या चौकटीनंतर कुठलं दुकान कुठलं ते कळेनासं होतं. तपकिरी पार्श्वभूमीवर तपकिरी चप्पल, वर पिळदार मिश्या, शेजारी फेटा नाहीतर वाघ. नाव म्हणजे 'कोल्हापुरी'च्या पुढे हाऊस, हब, मार्ट किंवा शॉपी. किंमत एकीकडे साडेतीनशे, दुसरीकडे अडीच हजार. या फरकाचं कारण एकाही चौकटीत सापडत नाही. मग गिऱ्हाईक साडेतीनशेवर बोट ठेवतं, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

गेल्या पाच लेखांकांत कॅटलॉग, पैसे घेणं, कुरिअर अशी रोजची कामं पाहिली. या आठवड्यात दुकानाचा चेहरा. उदाहरण चपलेचंच घेतो, कारण नावाचा गुंता इथं जेवढा आहे तेवढा आपल्या कोल्हापूरच्या गुळातही नाही.

पहिली गोष्ट, 'कोल्हापुरी' हे नाव तुमचं एकट्याचं नाही आणि कधी होणारही नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. ते मिळवलं दोन राज्यांच्या दोन महामंडळांनी मिळून, महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकार. त्यात आठ जिल्हे येतात : इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत शिवलेला जोडही कायद्याने कोल्हापुरीच. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत हे बोलून दाखवलं तर वाद होईल, पण कागद तसं सांगतो. जीआय असलेलं नाव कुणा एकाला ट्रेडमार्क म्हणून आपल्या नावावर करून घेता येत नाही. त्यामुळे 'कोल्हापुरी'च्या आधी किंवा नंतर तुम्ही जे लिहाल तेवढंच तुमचं. 'हाऊस' आणि 'हब'वर कुणाचीच मालकी टिकणार नाही. आजीचं नाव, गल्लीचं नाव, घराण्याचं आडनाव, एखादा विसरलेला बोलीतला शब्द, काहीही चालेल, फक्त ते दुसऱ्या कुणाचं नसावं. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर ते फुकट तपासता येतं. पादत्राणं वर्ग २५ मध्ये येतात. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्ज करायला एका वर्गाचे ४५०० रुपये पडतात. बोधचिन्हावर त्याहून जास्त खर्च केलेले आणि नाव मात्र न नोंदवलेले दुकानदार पुष्कळ आहेत.

जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराने नोंद करायची तर फी आहे दहा रुपये. आधी पाचशे होती, २०२० मध्ये कमी झाली. तुम्ही स्वतः चप्पल करत नसाल तर निदान ज्याच्याकडून जोड घेता त्याची नोंद आहे का हे विचारा, आणि असेल तर तसं पानावर लिहा.

आता प्राडा. हा विषय टाळणार होतो, कारण त्यावर बोलून बोलून कोल्हापूरचा घसा बसला आहे. पण दुकानदाराच्या कामाचं त्यात काही आहे. जून २०२५ मध्ये या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरी घडणीची चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, प्रेरणा कुठली ते कंपनीने मान्य केलं, जुलैत त्यांची माणसं इथं येऊन गेली. या रागात एक मुद्दा बाजूला पडला. जीआय संरक्षण देतं ते नावाला. अंगठा, पट्टा आणि कान पाहून कुणी तशीच चप्पल केली आणि तिला नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं, तर जीआयचा हात तिथवर पोचणं अवघड. डिसेंबरात प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला, इथल्या कारागिरांकडून २००० जोड करून घ्यायचं ठरवलं आणि जोडाची किंमत सांगितली सुमारे ८०० युरो. ही किंमत कोल्हापूरच्या नाही, प्राडाच्या नावाची आहे हे उघड आहे. तरी जून ते डिसेंबर या काळात चपलेची घडण बदलली नाही. ती कुठली आणि कुणी केलेली, हे आता सांगितलं जाऊ लागलं. आपली बरीच दुकानं मात्र अजून जूनमध्येच आहेत. 'प्युअर लेदर, हँडमेड, बेस्ट क्वालिटी' एवढं लिहिलेल्या पानावर कोल्हापूरचं असं काय आहे?

खरं तर सांगण्यासारखं खूप आहे आणि त्यासाठी लेखक लावावा लागत नाही. कापशी, पायताण, बक्कलनाळी, पुकरी, कचकडी ही नावं धंद्यात रोज तोंडात असतात. संकेतस्थळावर मात्र त्यांची जागा 'डिझाइन नं. १०४' घेतं. कापशी हे कागल तालुक्यातल्या गावाचं नाव आहे, हे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं आणि वाचायला त्याला आवडतं. दुकानाचे विभाग याच नावांनी करा. प्रत्येकाखाली दोन ओळी : तळ कुठल्या कातड्याचा, कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं आहे की नाही, शिलाई चामड्याच्या वादीची आहे का, खिळा आहे की नाही. जे नाही ते लिहू नका. तळ मशिनवर शिवला असेल तर तसं सांगा आणि किंमत त्याप्रमाणे ठेवा. रेक्झिनला कोल्हापुरी म्हणणाऱ्यांच्या गर्दीत खरं सांगणारा लगेच उठून दिसतो.

किमतीबद्दल एक छोटी गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. अडीच हजाराच्या जरा वरची किंमत ठरवताना हिशेब दोनदा करा, आणि पानावर कर धरूनच आकडा दाखवा. शेवटच्या पायरीवर आकडा फुगला की गिऱ्हाईक पान बंद करतं.

मिश्या आणि वाघाचं काय करायचं? माझं मत विचाराल तर काढून टाका. रांगडेपणा बोलण्यात गोड लागतो. 'जगात भारी' हे चौकात म्हणायला मजा येते, पण सगळीच दुकानं जगात भारी असली की त्या शब्दांनी कुणाचंच काम होत नाही. वाईट याचं वाटतं की हे कोल्हापुरात घडतं. याच गावात बाबूराव पेंटरांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही केली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर भारतीय सिनेमाच्या आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या चित्रमय पोस्टरांत गणलं जातं. पाटी रंगवणारे हात या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फुकटच्या ॲपमधून उचललेल्या बोधचिन्हाऐवजी अशा एखाद्या पेंटरकडून दुकानाचं नाव देवनागरीत हाताने लिहून घ्या, त्याचा स्वच्छ फोटो काढा आणि संगणकावर बसणाऱ्या कुणाकडून तो रेषाचित्रात उतरवून घ्या. असं अक्षर दुसऱ्या दुकानावर सापडणार नाही.

बाकी मजकुराला मात्र साधा फॉन्ट हवा. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे दोन्ही फुकट मिळतात, धंद्यात वापरायला मोकळे आहेत आणि लहान पडद्यावर नीट वाचता येतात. 'बालू' जाडजूड आहे, तो मथळ्यापुरताच ठेवा. नावाच्या अक्षराखेरीज हे दोनच फॉन्ट पुरेत. तीन वापरले की पान लग्नपत्रिकेसारखं दिसतं. रंगाचंही तसंच. कातडं तपकिरी असताना पार्श्वभूमी तपकिरी करायची नसते. पान पांढुरकं ठेवा आणि एकच रंग उचला, चपलेच्या गोंड्याचा लाल. तो फक्त 'विकत घ्या'च्या बटणावर आणि नावावर येऊ द्या.

फोटोंवर मात्र वेळ घालवा. लाईनीत दुकानदार काय करतो ते आठवा. तो जोड उचलतो, वाकवून दाखवतो, उलटा करून तळ दाखवतो, शिलाईवर बोट फिरवतो, घालून चालायला लावतो आणि करकर ऐकवतो. मोबाइलवर यातलं एकही आपोआप होत नाही. म्हणून वरून, बाजूने, तळाचा, शिलाईचा अगदी जवळून आणि पायात घातलेला, असे वेगवेगळे फोटो हवेत. सकाळी खिडकीपाशी, उन्हाची तिरीप थेट पडणार नाही अशा जागी, पांढऱ्या कार्डशीटवर साध्या फोनने काढलेले चालतात. फिल्टर लावू नका. कातड्याचा रंग प्रत्येक जोडाला थोडा वेगळा असतो आणि वापराने गडद होतो, हे लिहून ठेवलं की 'फोटोतल्यासारखी नाही' ही तक्रार बरीच कमी होते. चालताना वाजणाऱ्या चपलेचा दहा सेकंदांचा व्हिडिओ टाका, आवाज बंद न करता. त्यावर गाणं नको.

माप हा या धंद्यातला खरा खड्डा. दुकानागणिक आठ नंबर वेगळा. त्यामुळे नंबरांच्या तक्त्याबरोबर सेंटिमीटर द्या आणि गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल ठेवून टाच ते अंगठा मोजायला सांगा. मोजायचं कसं हे तीन चित्रांत दाखवा. त्याच्याच खाली लिहा की नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस लागते, नंतर पायाप्रमाणे सैल होते. हे आधी सांगितलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी परताव्याचा अर्ज करतं.

पानाच्या तळाशी दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता, फोन, तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव आणि परताव्याच्या अटी हव्यातच. ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम तसं सांगतात. पण सक्ती म्हणून बारीक अक्षरात कोंबण्यापेक्षा ते मोठ्याने लिहा. परगावच्या माणसाला, पैसे पाठवल्यावर समोर कुणीतरी आहे, एवढंच जाणून घ्यायचं असतं. लिडकॉमने २०२५ मध्ये जीआय चपलांसाठी क्यूआर कोडची सोय आणली आहे; त्यातून कारागीर किंवा उत्पादन केंद्र, जिल्हा, कच्चा माल अशी माहिती कळते. तुमच्या मालावर तो कोड असेल तर त्याचाही फोटो द्या.

खोक्यावर फार पैसे घालू नका. साधं पुठ्ठ्याचं खोकं, वर तेच हाताने लिहिलेलं नाव, आत एक कार्ड : पावसात घालू नका, भिजली तर सावलीत वाळवा, अधूनमधून तेलाचं बोट फिरवा, आणि जोड करणाऱ्या कारागिराचं नाव, अर्थात त्याला विचारून.

पुढच्या आठवड्यात परत आलेल्या जोडांचं काय करायचं ते पाहू. गेल्या दिवाळीतल्या परताव्यांची नोंद कुणी ठेवली असेल तर ती तोवर शोधून हाताशी ठेवा.